ती घरघर माझी होती

मी रेकॉर्ड प्लेअर बोलतोय. अजून धडधडतंय मला, कारण माझ्यामुळे एक बाई स्वतःला बहिरी समजून बसल्या होत्या.

बाई पियानो सुरात लावून देतात. कारखान्यातून निघालो तो मी त्यांच्या वडिलांकडे आलो, त्यांच्या माघारी बाईंकडे. कामावरून आल्या की हेडफोन लावून माझ्यापाशी बसायच्या. वडिलांचे कान उतारवयात गेले होते. सुरुवात झाली ती कानात घूं असा आवाज येऊन. बाईंनी त्याचा धसकाच घेतला होता.

एकदा बाई शेल्फ पुसत असताना माझी अर्थिंगची वायर निसटली. माझा आवाज वाढवणारी एक डबी शेजारी असते, प्रीअँप म्हणतात तिला. तिच्या स्क्रूला ती वायर आवळलेली असते. त्या संध्याकाळी गाण्यामागून घूंऽऽ सुरू झालं. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. हेडफोन काढले तरी भीतीने तो आवाज त्यांच्या डोक्यात घुमत राहिला.

'बाई, कान ठणठणीत आहेत तुमचे, बिघडलोय मी!' असं ओरडावंसं वाटे. पण सुईखाली असेल तेवढंच मला बोलता येतं.

पंधरा दिवसांत त्यांनी तीन कामं नाकारली. मग भाचीला बोलावलं. ती वीजदुरुस्ती करते.

"माझी हत्यारं घेऊन जा गं. काम सोडलंय मी."

"का मावशी?"

"कंटाळा आला."

भाचीला ते पटलं नाही. माझ्यावर गाणं चालूच होतं; विचार करत तिने सहज हेडफोन कानाला लावले. माझा जीव टांगणीला लागला. हिला ऐकूच आलं नाही तर?

"मावशी, हे कधीपासून घुमतंय?"

बाई झटकन वळल्या. "तुलाही ऐकू येतंय?"

"न यायला काय झालं? कान किटले माझे!"

तिने माझी तबकडी थांबवली. घूं चालूच. माझ्या सुईच्या दांडीला बोट लावलं, तसा आवाज दबला. "अर्थिंग सुटलंय," म्हणत तिने मागे हात घातला, लोंबणारी वायर शोधली आणि स्क्रू आवळला.

बाईंनी हेडफोन लावले.

"काहीच ऐकू येत नाही," त्या म्हणाल्या आणि पुन्हा दचकल्या. "तुला?"

भाचीने हेडफोनच्या एका बाजूला कान लावला. "मलाही नाही."

तेव्हा कुठे बाई रडल्या.

आता त्या कामाला जातात. मी मात्र फडकं दिसलं तरी घाबरतो. एवढंच मागणं आहे: असा आवाज आला, तर एकटे भीत बसू नका. शेजारच्याला विचारा, "तुला येतोय का?"