बासरी, भिंत आणि पार्वताबाई

संगीताने ताण वाढतो, हे मी राजापेठेत सिद्ध केलं, अशी अफवा आहे. तसं काहीही घडलेलं नाही. पुढे वाचावं.

मी परवेज, अकोल्याचा. अमरावतीच्या राजापेठेत खोली घेऊन मानसशास्त्रात एम.ए. करतो. शेवटचा प्रकल्प: बासरी ऐकून ताण उतरतो का? उतरवायचा तर आधी चढवावा लागतो, म्हणून प्रयोगासाठी खोलीवर येणाऱ्या प्रत्येक पोराला मी विचारायचो, "डिग्रीनंतर पुढे काय?" आणि बीपी मोजायचो. एकाचा बीपी असा चढला की मीच त्याची माफी मागितली. मग चिठ्ठ्या टाकून निम्मे पुढच्या खोलीत बासरी ऐकायचे, निम्मे मागच्या खोलीत भिंतीकडे बघत गप्प बसायचे. नंतर पुन्हा बीपी.

भिंतवाले झपाट्याने शांत झाले. बासरीवाले होते तिथेच.

प्रकल्प फसला तर वर्ष जाणार होतं, आणि अब्बांनी अकोल्यात मोहल्लाभर पेढे आधीच वाटले होते.

मागच्या खोलीत डोकावलो. घरमालकीण पार्वताबाई भिंतवाल्यांना आल्याचा चहा आणि गरम आलूबोंडे वाढत होत्या.

"मावशी, यायले काहीच द्याचं नसते!"

"कावून? पुढच्यायले गानं, आन् यायले नुसती भित? पाप लागते बापू."

"हा नियंत्रित गट आहे, फक्त तुलनेसाठी."

"मंग नियंत्रित गटानं उपाशी मराव का?"

मान खाली घालून मार्गदर्शक साधना मॅडमना सगळं सांगितलं.

"त्यांना थांबवता येईल?"

"मॅडम, त्यांना त्यांच्या सासूबाईही थांबवू शकल्या नाहीत."

मॅडमनी चष्मा पुसला. "मग नवी मुलं घ्या आणि सगळ्यांनाच चहा-आलूबोंडे द्या. दोघांना सारखं मिळालं, की उरलेला फरक बासरीचा."

पार्वताबाईंनी कढई मोठी काढली. या वेळी सगळेच निवले. बासरीवाले जरा जास्त. जराच, पण मॅडमच्या गणितात बसलं. सही झाली!

खोलीवर येऊन मी बीपीच्या यंत्राचा पट्टा स्वतःच्याच दंडाला बांधला. बीपी नॉर्मल. बासरीसुद्धा लावली नव्हती. तेवढ्यात अब्बांचा फोन.

"पास हुआ? माशाल्लाह! अब आगे क्या?"

यंत्र टीं-टीं करायला लागलं.

सबब, 'पुढे काय' हा प्रश्न कोणत्याही नातेवाइकाने नीतिसमितीच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय विचारू नये, व विचारल्यास जागेवरच चहा व आलूबोंडे पुरवावेत, असे आदेश तातडीने निर्गमित व्हावेत, ही नम्र विनंती.