फियाटची शिकवणी

पारनेरच्या रंभाजी गुरुजींची फियाट चालवायला दोन माणसं लागायची. गुरुजी गाडी चालवत आणि त्यांच्या पत्नी मालनबाई गाडी चालू ठेवत. ही वाटणी कुणी बसून ठरवली नव्हती. गाडीचं वय वाढत गेलं तशी ती आपोआप होत गेली.

चोक बाहेर ओढला की हळूच परत आत जायचा, म्हणून त्याला कपडे वाळत घालायचा चिमटा लावलेला असे आणि चिमटा निसटू नये म्हणून त्यावर मालनबाईंचं बोट. उन्हाळ्यात इंजिन तापलं की पेट्रोल वर चढत नसे. मग मालनबाई पाण्याचा डबा घेऊन खाली उतरायच्या, बॉनेट उघडून पेट्रोलच्या पंपावर ओला फडका टाकायच्या आणि पंप निवेपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे न बघता पदर सावरत उभ्या राहायच्या. भाचीच्या लग्नाला निघाले तेव्हा सुप्याजवळ गिअरचा दांडा अडकला. तो बॉनेटखालून हलवून सोडवावा लागे आणि गुरुजींचा पाय तर क्लचवर. लग्नाच्या फोटोत मालनबाई जरीच्या साडीत उभ्या आहेत, ऑइलनं काळे झालेले दोन्ही हात पाठीमागे लपवून.

त्यामुळे नगरच्या शोरूमची जाहिरात पेपरात आली तेव्हा ती मालनबाईंनी आधी वाचली आणि मग गुरुजींच्या ताटाशेजारी ठेवली. जुनी गाडी आणा, कशीही असली तरी तिची ठरलेली रक्कम धरू, बाकीचे भरून नवी न्या. मुलगा सम्राट पिंपरीला कंपनीत होता. बाकीचे मी बघतो, असं तो फोनवर सांगून मोकळा झाला होता.

"गाडीला काय झालंय?" गुरुजींनी विचारलं.

"गाडीला कायबी झालं न्हाई. मला झालंय," मालनबाई म्हणाल्या.

गुरुजींनी पुढचा घास घेतला. ही गाडी त्यांनी एका डॉक्टरांकडून घेतली होती. वस्तीतल्या पोरांना तिच्यात बसवून त्यांनी पहिल्यांदा भंडारदऱ्याचं धरण दाखवलं होतं. ती कुणाच्या हाती द्यायची, हा विचारच त्यांना सहन होईना. पण लग्नाच्या फोटोतले ते पाठीमागचे हातही त्यांना माहीत होते. शेवटी दोघांत तह झाला. गाडी नगरला न्यायची आणि निवाडा शोरूमवाल्यावर सोडायचा. त्यानं घेतली तर गेली. त्यानं नको म्हटलं तर मालनबाईंनी हा विषय जन्मात काढायचा नाही. गुरुजींनी खोटं बोलायचं नाही, अशी एक अट मालनबाईंनी वर घातली. गुरुजींनी ती इतक्या आनंदानं कबूल केली की मालनबाईंना संशय आला.

आनंदाचं कारण जाहिरातीच्या खालच्या बारीक अक्षरांत होतं. शोरूमच्या ड्रायव्हरनं गाडी फाटकापासून मागच्या आवारापर्यंत चालवून न्यायची, तरच ऑफर लागू. आणि गुरुजींशिवाय ही गाडी आजवर कुणाला साध्या रस्त्यापलीकडेही नेता आली नव्हती. पारनेरचा मेहताब मिस्त्री इतक्या वर्षांचा मुरलेला, पण गॅरेजात गाडी आत-बाहेर करायला तोसुद्धा गुरुजींनाच बोलावून न्यायचा. तेव्हा खोटं बोलायची गरजच नव्हती. गुरुजींनी गाडी धुतली, पुसली, आणि नगरच्या वाटेनं चक्क गुणगुणत निघाले.

सावेडीला शोरूमपुढे मांडव घातला होता. फुगे होते, लाऊडस्पीकर होता, नव्या गाड्यांना झेंडूचे हार होते. प्रवीण नावाचा टाय लावलेला तरुण मॅनेजर पुढे आला. त्यानं फियाटभोवती एक फेरी मारली आणि दार उघडायला गेला, तर मूठ त्याच्या हातात आली. गुरुजींनी ती त्याच्याकडून अदबीनं घेतली आणि जागेवर बसवली. "जरा उचलून ओढायचं असतं," ते म्हणाले. प्रवीणनं नियम सांगितला. गुरुजींनी मान डोलावली आणि नियम म्हणजे नियम, त्यात काही बोलायचंच नाही, असं गंभीरपणे सांगितलं.

मग शोरूमचा ड्रायव्हर कादर आला. पन्नाशीचा, भरघोस मिशांचा. इंदूरच्या रस्त्यावर त्यानं कैक वर्षं ट्रक हाणले होते. त्यानं फियाटकडे बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "गुरुजी, मला रणगाडा दिला तरी चालवीन."

गुरुजी आणि मालनबाई मांडवात प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसले. कुणीतरी थंड पेयाच्या बाटल्या आणून दिल्या.

कादरनं चोक ओढला. इंजिन सुरू झालं, चोक आत गेला, इंजिन बंद पडलं. असं काही वेळा झाल्यावर त्यानं एका हातानं चोक धरला आणि दुसऱ्या हातानं स्टिअरिंगखालचा गिअर जोरात खेचला. गाडीच्या पोटातून दगड दळल्यासारखा आवाज आला. गाडीनं एक उडी घेतली आणि ती फाटकाच्या बरोबर मधोमध बंद पडली. हॉर्न मात्र आपणहून वाजायला लागला. त्यामुळे ज्यांचं लक्ष नव्हतं त्यांचंही गेलं.

प्रवीणनं घड्याळात बघितलं. आणखी एकदा प्रयत्न करू, नाही जमलं तर ही गाडी आम्हाला घेता येणार नाही सर, असं तो हळहळून म्हणाला. गुरुजींनीही हळहळल्यासारखं केलं. पेय मोठं गोड लागत होतं. आता एकच धक्का, की फियाट जन्मभर दारात. मालनबाई मांडीवर पिशवी घेऊन, हार घातलेल्या नव्या गाडीकडे बघत बसल्या होत्या. आगगाडी चुकलेलं माणूस रुळांकडे बघतं तसं.

इतक्यात शोरूमच्या वर्कशॉपमधली पोरं बाहेर आली.

"कादरभाई, बैलजोडी आणू का?" एकानं विचारलं.

"आरं, रणगाडा आन. त्यो येतो त्यांना," दुसरा म्हणाला.

मांडव हसला. लाऊडस्पीकरवाल्यानंही गाणं बारीक करून मजा बघायला घेतली. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून कादर सरळ समोर बघत राहिला आणि त्याचे कान लाल झाले.

गुरुजींची बाटली तोंडापाशीच थांबली. हा चेहरा त्यांना पाठ होता. सगळी नोकरी त्यांनी तो फळ्यापाशी पाहिला होता. हातात खडू आहे, गणित चुकलंय, मागं वर्ग हसतोय. पोराला जागेवर जाता येत नाही आणि पुढचा आकडाही लिहिता येत नाही.

त्यांनी बाटली खाली ठेवली. परत उचलली. मालनबाईंनी हात पुढे करून ती बाटली त्यांच्याकडून घेतली.

गुरुजी उठले. वर्कशॉपच्या पोरांपुढे जाऊन त्यांनी शांतपणे सांगितलं, "ज्याला येतं त्यानं पुढं यावं, आणि मग हसावं." कुणी पुढं आलं नाही. मग ते फियाटची मूठ उचलून, ओढून, कादरच्या शेजारी बसले. मालनबाईंच्या जागेवर. चिमटा लावून त्यावर बोट ठेवलं.

"तुमचा क्लच झकास हाय," ते म्हणाले. "एवढा हलका पाय मी पाह्यला न्हाई."

कादरनं तिरक्या नजरेनं बघितलं. थट्टा दिसेना.

"आता एवढंच बघा. पहिल्या गिअरला सरळ जायचं न्हाई, दांडा अडकतो. आधी दुसऱ्यात न्यायचा. तिथं जरा दम खाऊ द्यायचा. मग पहिल्यात. तोंडानं म्हणा."

"तोंडानं?"

"तोंडाला आलं की हाताला येतं. म्हणा."

कादरनं मिशीवरून हात फिरवला, इकडंतिकडं बघितलं आणि पुटपुटला, "आधी दुसरा. दम खायचा. मग पहिला."

"मोठ्यानं."

"आधी दुसरा, दम खायचा, मग पहिला."

मांडवात फुगे घ्यायला आलेली चार पोरं होती. वर्ग भरला की पोरं आपोआप सामील होतात. त्यांनीही सूर लावला. त्या पाठाच्या तालावर कादरच्या हातानं दांडा दुसऱ्यात नेला, थांबला, आणि पहिल्यात घातला. दगड दळले नाहीत. गाडी हलली. फाटकातून निघाली, झेंडूच्या हारांना न शिवता मांडवाला वळसा घालून गेली आणि मागच्या आवारात भिंतीपाशी जाऊन अशी थांबली की जणू तिला तिथंच जायचं होतं.

"शाब्बास," गुरुजींनी मांडीवर थाप मारली. "एकदम बरोबर. बघितलं का, येतं की नाही?" कादर लहान मुलासारखा हसत होता. गुरुजी आनंदानं गाडीमागं धावत आलेल्या वर्गाकडे वळले, तर पुढ्यात प्रवीण उभा. त्यानं कागदावर शिक्का मारला होता.

"अभिनंदन सर," तो म्हणाला.

कशाबद्दल, हे गुरुजींना लगेच कळलं नाही. कळलं तेव्हा त्यांनी एकवार गाडीकडे बघितलं, एकवार कादरकडे.

मालनबाई जवळ आल्या. त्यांच्या हातात गुरुजींची बाटली तशीच होती. "शिकवलंत?" त्यांनी विचारलं.

"शिकला," गुरुजी म्हणाले. "लई चांगला शिकला."

मालनबाईंनी बाटली त्यांना दिली आणि ती संपेपर्यंत शेजारी उभ्या राहिल्या.

नवी गाडी पंधरा दिवसांनी मिळणार होती. एवढ्या उन्हात एसटीनं कसं जाणार, आमचा ड्रायव्हर घरापर्यंत सोडेल, असं प्रवीणनं मोठ्या मनानं सांगितलं. पण नव्या गाड्या सगळ्या हारात होत्या. शेवटी आवारात रिकामी अशी एकच गाडी निघाली.

कादर स्टिअरिंगवर बसला. त्याच्या शेजारी बोटाशिवाय चालणार नव्हतं, म्हणून गुरुजी बसले. मालनबाई क्षणभर घोटाळल्या. मग त्यांनी मागचं दार उघडलं आणि फियाट घरात आल्यापासून पहिल्यांदाच मागच्या सीटवर ऐसपैस टेकल्या. पिशवी बाजूला ठेवली. चपला काढल्या. खिडकीतून वारा येत होता. पुढं गुरुजी तिसऱ्या गिअरचा पाठ देत होते. वाटेत गाडी तापली तेव्हा पाण्याचा डबा घेऊन गुरुजी उतरले. मालनबाई उतरल्या नाहीत.

भाळवणी मागं पडल्यावर त्या म्हणाल्या, "गाडी तशी वाईट न्हवती हो. फकस्त पुढं बसनाराला छळते."

गुरुजींनी चिमट्यावरचं बोट न सोडता मान वळवली. त्यांचे डोळे चमकले होते. "मग सम्राटला फोन करून सांगू का, की नवी गाडी..."

"कादरभाई," मालनबाई म्हणाल्या, "तुमी पुढं बघून चालवा."