वीतभर आणि वर एक बोट

मित्रांनो, मला बघून नाक मुरडू नका. विमानाच्या तिकिटांच्या दुकानातला मी एक जुना पृथ्वीगोल आहे. रंग उडालाय, पोटाला पोचा पडलाय, पण अजून गोल आहे बरं का!

कारखान्यातून आलो तेव्हा दुकानाचे मालक अण्णा यांनी मला थेट टेबलावर बसवलं. "किती लांब आहे हो?" असं कुणी विचारलं, की ते दोन विमानतळांमध्ये माझ्या अंगावरून दोरा ताणायचे आणि बोटांनी मोजायचे. एक बोट म्हणजे विमानाचा साधारण एक तास. गिऱ्हाईक थक्क व्हायचं आणि मी फुगून जायचो. पुढे संगणक आला. अण्णांची मुलगी, म्हणजे आमची ताई, क्षणात वेळ सांगू लागली आणि माझी रवानगी कपाटावर झाली. सात वर्षं कुणी ढुंकून पाहिलं नाही. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

एके सकाळी समोरचे टेलरकाका धापा टाकत आले. त्यांच्या परदेशातल्या लेकीचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं. तीन वर्षं ती बोलवत होती आणि हे "फार लांब आहे गं" म्हणून टाळत होते. या वेळी ती फोनवर एवढंच म्हणाली होती, "बाबा, मला आत नेण्याआधी या."

ताईने थेट विमान दाखवलं. तेरा तासांचं, ऑपरेशनच्या चार तास आधी पोचणारं. पण त्याची वाट वर बर्फाळ प्रदेशावरून जाताना दिसली आणि काका बिथरले. गळ्यातली टेप काढून त्यांनी भिंतीवरच्या नकाशावर लावली.

"सरळ रेघ तर ही! मला कशाला वळसा घालायला लावता? या रेघेवरचं, मध्ये दोनदा थांबणारं तिकीट द्या."

"काका, ते पोचेपर्यंत तिला आत नेलेलं असेल हो!" ताई कळवळून म्हणाली.

काका ऐकेनात. माझा जीव खालीवर होत होता, पण मला तोंड कुठे आहे?

शेवटी अण्णांनी मला खाली उतरवलं आणि बाहीने धूळ पुसली. "टेलरसाहेब, पोट सुटलेल्या माणसाचं माप तुम्ही सपाट टेबलावर घेता का?"

काकांनी खिशातला पांढरा दोरा काढून स्वतःच दोन्ही गावांमध्ये माझ्यावर ताणला. तो आपसूक बर्फावरून गेला. वीतभर आणि वर एक बोट, म्हणजे बरोबर तेरा बोटं. मग तोच दोरा नकाशावरच्या सरळ वाटेने माझ्या अंगावर धरला, तर तीन बोटं कमी पडला.

"अरे देवा! कापडच चुकीचं बेतत होतो की मी. द्या ते थेट विमान!"

चार महिन्यांनी ते लेकीला घेऊन आले. ती अजून जपून चालत होती. काकांनी पुन्हा दोरा ताणून दाखवला.

"एवढीच लांब होते मी?" तिने विचारलं.

"एवढीच," काका म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले. "आणि मी तीन वर्षं आलो नाही."

मित्रांनो, तुमच्या कपाटावर माझा एखादा भाऊ धूळ खात पडला असेल, तर त्याला खाली काढा. आपलं माणूस किती लांब आहे, ते दोरा ताणून बघा. आणि मग तिकीट काढा.