रातूंच्या डोक्याला टेकलेला चिमटा

मी एक जुना लोखंडी चिमटा आहे. चुलीतला निखारा उचलणारा नव्हे; उंच दांड्याला बसवलेला, माणसांची डोकी धरणारा. मित्रांनो, तेव्हा फोटो निघेपर्यंत पुतळ्यासारखे बसावे लागे. जरा हलले की चेहरा धूसर. म्हणून मी मागून डोके पकडून ठेवत असे. विलायतेत कितीतरी मडमांची डोकी मी धरली आणि शाबासकी मिळवली!

मग फोटो काढणाऱ्या एका साहेबाने मला जहाजात घालून फिजीला नेले. डोंगरातल्या एका गावी रातू नावालू फोटोला बसले. रातू म्हणजे तिथले सरदार. त्यांच्या डोक्याला कुणी हात लावत नसे. ते डोके इतके पवित्र, की केस कापणाऱ्यालाही नंतर कित्येक दिवस त्या हातांनी जेवता येत नसे, दुसऱ्याने भरवावे लागे.

"साहेब, डोक्याचं काम मला सांगू नका," आमचा हमाल सेमेसा म्हणाला. तो त्याच गावचा होता. "जीव जाईल माझा."

"अरे, लागणार लोखंड. तुझा हात कुठे लागतोय?"

सेमेसाला ते पटले. तिथेच बिचारा फसला. त्याने मला हलकेच रातूंच्या डोक्याला टेकवले.

रातू नुसते उठून उभे राहिले. त्यांचा भाऊ द्राउना मात्र चवताळून धावला. त्याने मला दांड्यासकट उचलले आणि सेमेसाच्या उजव्या हातावर घातले. पुन्हा घातले. पुन्हा. हाडांचा चुरा होत होता आणि तो मीच करत होतो. मला स्वतःची किळस आली. साहेब कॅमेऱ्यामागे दडला होता.

"आता डोकं पुढं कर, भडव्या!" द्राउना गरजला.

तेवढ्यात सेमेसाची आई गुडघ्यांवर सरकत पुढे आली. तिच्या हातात देवमाशाचा दात होता. सरदाराने असा दात स्वीकारला, तर अपराध्याला माफी मिळे.

"रातू, चुकलं हो माझं पोरगं. हा घ्या. घेणार नसाल तर आधी मला मारा."

रातू दाताकडे बघत राहिले. माझ्यावरून सेमेसाचे रक्त ठिबकत होते.

"ऊठ गं, म्हातारे," शेवटी ते म्हणाले आणि त्यांनी दात घेतला. "द्राउना, टाक ते लोखंड."

सेमेसा जगला. हात कायमचा गेला. साहेब मला पुसता पुसता त्याला म्हणाला, "नीट धरलं असतंस, तर फोटो छान आला असता."

आज मी तुमच्या संग्रहालयात आहे. पाटीवर साहेबाचे नाव आहे, सेमेसाचे नाही. मित्रांनो, तुम्ही मला तेल लावून जपता, तुमचे उपकार आहेत. पण कुणी काकुळतीने 'नको' म्हणाले, तर तिथेच थांबा. मी तर लोखंड. मला थांबता येत नव्हते. साहेबाला येत होते.