रंगवलेल्या सोंगट्या

मित्रांनो, माझ्या अंगावरच्या ताज्या रंगावर जाऊ नका. मी जुनीच शब्दकोड्याची पेटी आहे. दुसरीच्या वर्गातल्या कपाटात, अगदी खालच्या फळीवर, माझा मुक्काम असतो. माझ्या झाकणाच्या आत चौकटी आखलेल्या आहेत आणि पोटात लाकडी सोंगट्या आहेत. प्रत्येक सोंगटीवर एक अक्षर. चित्र पाहायचे, शब्द ओळखायचा आणि सोंगट्या चौकटीत बसवायच्या. मगर आडवी, गवत उभे, आणि ‘ग’ दोघांत एकच, म्हणून त्याच्यासाठी नेहमी भांडणे.

एका सुतारकाकांनी दरवाजांच्या उरलेल्या तुकड्यांतून मला घडवले. तेव्हा माझ्या सगळ्या सोंगट्या गुळगुळीत होत्या. पुढे मुलांच्या हाती पडल्यावर त्यांचे काय झाले असेल ते तुम्हीच ओळखा. ‘म’चा कोपरा कुणीतरी चावला. ‘क’वर शाई सांडली. ‘त’ खिडकीतून पडून चिरला. ‘र’ तर कित्येक दिवस डुगडुगणाऱ्या बाकाच्या पायाखाली होता, तो दबून सपाटच झाला. मला मात्र या जखमांचे दुःख नव्हते. वापरातल्या वस्तूला ओरखडे पडायचेच.

वर्ष संपताना आमच्या बाई ‘मोठे कोडे’ मांडतात. त्या दिवशी आईबाबांना बोलावतात. ती मोठी माणसे गुडघे पोटाशी घेऊन मुलांच्या बाकांवर कशीबशी बसतात. एकेक मूल पुढे येते, चित्र उचलते आणि शब्द लावते. तिसरीत कोण जाणार, हे बाई त्यावरून ठरवतात.

या वर्गात एक मुलगी होती. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. तिचे बाबा बस चालवायचे. कोडे लावण्यात तिचा हात कोणी धरू शकत नसे. इतर मुले सोंगट्या उलटसुलट करत बसायची, तेवढ्यात हिचा शब्द तयार.

“हिच्याकडून शिका जरा!” बाई म्हणायच्या.

मला मान असती तर तीही ताठ झाली असती. भिंगरी सोंगटी उचलण्याआधी तिच्या कडेवरून बोट फिरवायची. मला वाटे, पोर लाड करते आहे.

यंदा मोठ्या कोड्याच्या आधी बाईंना माझी लाज वाटली. त्यांनी सुतारकाकांना बोलावले. काकांनी मला घासले, खड्डे बुजवले, सगळ्या सोंगट्या सारख्या केल्या आणि पिवळ्या रंगावर निळी अक्षरे काढली.

“काय, झाली की नाही नवीकोरी?” काकांनी विचारले.

“काका, ओळखूच येत नाही हो!” बाई खूश होऊन म्हणाल्या. मीही खूश होते.

मोठ्या कोड्याच्या दिवशी भिंगरीला मगरीचे चित्र आले. “मगर!” ती मोठ्याने म्हणाली आणि तिने माझ्यात हात घातला. मग ती थांबली. एकेक सोंगटी उचलून तिच्या कडा चाचपू लागली. वर्गात कुजबुज सुरू झाली.

“अगं, लाव की पटकन!” तिचे बाबा मागून म्हणाले. “घरी तर अख्खं पुस्तक घडाघडा म्हणतेस.”

भिंगरीने तीन सोंगट्या ठेवल्या. ल, स, ब. कुणीतरी फिसकन हसले. बाबांचा चेहरा उतरला.

“घाबरली असेल,” असे म्हणून बाईंनी तिला जागेवर बसवले. पण सगळे गेल्यावर त्यांनी तिला आणि बाबांना थांबवून घेतले.

“काय झालं गं?”

“बाई, माझा म कुठे गेला?”

“हा काय, तुझ्या हातातच आहे.”

“हा नाही. म कोपऱ्यात चावलेला असतो.”

बाईंनी फळ्यावर भला मोठा ‘म’ काढला. भिंगरी त्याच्या भोवती काहीतरी शोधत राहिली. मग बाईंनी पुस्तक मधेच उघडले आणि चित्रावर हात ठेवला. पुस्तक तिला तोंडपाठ होते, पण चित्र झाकल्यावर पान कुठले तेच तिला कळेना.

“म्हणजे इतके दिवस ही आम्हाला फसवत होती?” बाबांचा आवाज चढला.

भिंगरीने आश्चर्याने त्यांच्याकडे पाहिले. “पण बाबा, सगळे असंच वाचतात ना?”

बाबा पुन्हा बाकावर बसले. मित्रांनो, त्या क्षणी मला माझ्या चकचकीत रंगाचा राग आला, आणि त्याआधीच्या सगळ्या शाबासक्यांचाही.

“तिने कुणाला फसवलं नाही हो,” बाई हळू म्हणाल्या. “मीच वाहवा करत बसले. कसं ओळखतेस, ते विचारलंच नाही.”

“ते राहू द्या. तिला तिसरीत घेणार की नाही, तेवढं सांगा.”

“आज हो म्हटलं, तर पुन्हा तीच चूक होईल. सुट्टीभर रोज पाठवा. मग बघू.”

आता सुट्टी आहे. वर्गात बाके एकावर एक रचली आहेत. भिंगरी रोज येते. ती आता चपळ राहिलेली नाही. कधी चिडून मला बुक्की मारते, कधी रडते. तिच्या मैत्रिणींनी तिसरीची पुस्तकेही आणली आहेत, हे तिला ठाऊक आहे. शाळा उघडेपर्यंत तिला वाचता येईल का, या काळजीने माझा जीव कासावीस होतो.

जुन्या वस्तू तुम्हाला म्हणतात, आम्हाला जपा, रंग द्या. माझे मागणे वेगळे आहे. तुमच्या शेजारी बसणाऱ्या हुशार मुलाला कधीतरी विचारा, “तुला हे कसं रे कळलं?” आणि त्याचे उत्तर न हसता शेवटपर्यंत ऐका.

आज भिंगरीने आपणहून तीन सोंगट्या मांडल्या आणि मान वर केली. “बाई, शाबास?”

शाबासकी बाईंच्या अगदी ओठांवर आली होती. त्यांनी ती गिळली. “वाचून दाखव,” त्या म्हणाल्या.

भिंगरीने पहिले अक्षर वाचले. दुसरे वाचले. तिसऱ्यावर तिचे बोट अजून फिरते आहे, आणि बाई घाई करत नाहीत.