कागद शाबूत आहे

चित्रातल्या सैनिकाच्या मांडीवर एक पांढरा ठिपका होता. गोल, व्यास दीड मिलिमीटर. सुनंदाने पट्टी लावून दोनदा मोजला. शाईच्या दोन बारीक रेघा ठिपक्यापाशी येऊन तुटत होत्या आणि पलीकडून पुन्हा सुरू होत होत्या.

अशी बारा चित्रं होती. येशूचं शेवटचं जेवण, बागेतली प्रार्थना, फटके, क्रूस. चारशे वर्षांपूर्वी जर्मनीत कुणीतरी लाकडावर कोरून छापलेली. तिकडच्या एका मिशनऱ्यामागे ती इंदूरच्या चर्चमध्ये राहिली होती. "कीड लागलीय, तुम्ही प्राणिशास्त्राच्या, बघा जरा," म्हणत म्हातारे फादर शनिवारी ती घेऊन कॉलेजच्या प्रयोगशाळेत आले होते.

सुनंदाने चित्र खिडकीशी धरलं. ठिपक्यातून उजेड आला नाही.

"कीड कागदाला नाही, फादर. कागद शाबूत आहे. भोक लाकडाच्या ठोकळ्यात होतं, म्हणून तेवढ्या जागी शाई उठली नाही."

"मग मी सहा वर्षं डांबराच्या गोळ्या घालतोय त्या? चर्चमधल्या बायका म्हणतात, फादर आले की ट्रंक उघडल्यासारखं वाटतं!" ते खो खो हसले. मग म्हणाले, "पण ठोकळा पोखरला जातोय हे त्या छापणाऱ्याला कळलं कसं नाही?"

"वरून कळत नाही. अळी दोन-तीन वर्षं आतल्या आत खात असते. भोक पडतं ते अगदी शेवटी, किडा बाहेर पडताना. ते दिसेपर्यंत तो गेलेला असतो."

अकरा वर्षं ती हे वर्गात सांगत आली होती. आज सांगून झाल्यावर मात्र बराच वेळ भिंग पुसत बसली.

तिचा नवरा गोपीनाथ मिलच्या मागखात्यात होता. चार वर्षांपूर्वी मिल बंद पडली आणि तो सुरतेला यंत्रमागाच्या कारखान्यात गेला. ती दर रविवारी फोन करायची, तो "कधी येतेस?" विचारायचा, ती "परीक्षा होऊ देत" म्हणायची. गेल्या रविवारी त्याने वेगळं विचारलं. "नवी खोली बघितलीय. एकाची घेऊ की दोघांची? पुढच्या रविवारी नक्की सांग."

मिल बंद पडली म्हणून संसाराची अशी फाटाफूट झाली, असं सगळे म्हणत. तीही म्हणायची. पण मिल धडधडत होती तेव्हा? त्याची रात्रपाळी, तिचं सकाळचं कॉलेज. तो जिना चढायचा तेव्हा ती उतरत असायची. डब्याच्या झाकणाखाली चिठ्ठी असायची. दूध तापवलंय. गॅस संपला. चिठ्ठीत मावणार नाही असं काही आपण एकमेकांना शेवटचं कधी विचारलं, ते शनिवारी संध्याकाळी ती आठवत राहिली. आठवलं नाही.

रविवारी दहाला ती जिना उतरली. घरमालकीण गयाबाईने पुढच्या खोलीत एसटीडी बूथ टाकला होता.

"या मॅडमजी. सुरतच ना?" गयाबाईने खुर्ची सरकवली. "आमच्या यांना बघा. मिल बंद होऊन चार साल झाले, अजून भोंग्याच्या टाइमला उठून बसतात. मी म्हणते, सो जाओ धोंडिबाजी, कुणी बुलावा नाही पाठवला!"

आतून धोंडिबांचा खोकला ऐकू आला. नंबर लागला.

"हां, बोल," गोपीनाथ म्हणाला. मागे माग खडखडत होते. "परीक्षा झाल्या?"

"झाल्या."

"मग? खोलीचं काय?"



"बोला ना मॅडमजी," गयाबाई कुजबुजली. "चुप बसलं तरी मीटर फिरतंच."

सुनंदाने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"अहो," ती म्हणाली, "एकाचीच घ्या."