जुडी सोडायची भीती

मित्रांनो, तेल्हारा तालुक्यातल्या एका शाळेच्या लोखंडी कपाटात माझं अर्धं आयुष्य गेलं. मी जुनी गणित पेटी. जुनी फक्त वयानं. कामाच्या नावानं अजून कोरीच. माझ्या पोटात मणी आहेत, ठोकळे आहेत आणि दहा-दहा काड्यांचे रबर लावलेले दहा गठ्ठे, वर थोड्या सुट्ट्या काड्या.

मला बनवणाऱ्यांना वाटलं असेल, पोरं माझ्यावर तुटून पडतील. पण मुख्याध्यापक पंजाबराव सरांनी मला पाहिलं आणि ते घाबरलेच. एक काडी हरवली तर साठा नोंदवहीत लिहायचं काय? खुलासा कोण देणार? त्यांनी कपाटाला कुलूप ठोकलं. वर्षातून एकदा मला काढायचे, काड्या मोजायचे, डांबराच्या गोळ्या टाकायचे आणि म्हणायचे, "पाहा, नव्यासारखी हाय!" मी फुगायची. हळूहळू सरांची भीती मलाही लागली. एक काडी गेली की आपण संपलो, असं मला वाटू लागलं.

यंदा तिसरीला रूपाली मॅडम आल्या. फळ्याजवळ कमी, पोरांजवळ जास्त. नितेशला पाढे येत नव्हते; ते त्यांनी टाळ्यांच्या ठेक्यावर बसवले. गोपालच्या ध्यानात ऐकलेलं राहत नव्हतं. त्याला चित्रं काढून दिली. आचलवर मात्र कुठलीच युक्ती चालेना. हातच्याची वजाबाकी आली की तिचं पोट दुखायचं.

तिची आई मनकर्णाबाई भाजी पिकवते, बाजारात विकते. एक दिवस ती माझं कपाट असलेल्या ऑफिसात आली; सर आणि मॅडम तिथंच होते.

"मॅडम, पोरगी शाळेचं नाव काढलं की थरथर कापून राहिली. सोमवारी साहेब येऊन गणित विचारतीन म्हणे. तवा बी नाई जमलं त तिले घरीच ठेवीन. कोथिंबिरीच्या जुड्या तं झकास बांधते."

"जुड्या बांधते?" मॅडमांनी विचारलं आणि वळून कपाटाकडे पाहिलं. मी काड्या घट्ट आवळून धरल्या.

"सर, पेटी द्या ना वर्गात."

"काहून? काड्या हरवल्या त? साहेब आले की टेबलावर ठेवू. दिसाले पाह्यजे फक्त."

सोमवारी केंद्रप्रमुख साहेब तिसरीच्या वर्गात बसले. मी टेबलावर, माझ्या झाकणावर सरांचा हात. साहेबांनी फळ्यावर लिहिलं: बावन्न वजा सत्तावीस. आचलला उभं केलं.

तिनं खडू धरला. तो फळ्याला टेकेचना. दारात मनकर्णाबाई पदराचं टोक चावत उभी. खरं सांगते मित्रांनो, तेव्हाही मी मनात म्हणत होते, सरांनी हात काढू नये.

"बस खाली," साहेब म्हणाले.

"एक मिनिट, साहेब." मॅडमांनी सरांचा हात बाजूला केला आणि मला उघडलं. "आचल, आईच्या टोपल्यात ह्या पाच जुड्या, अन् ह्या दोन काड्या सुट्ट्या. गिऱ्हाईकाले सत्तावीस पाह्यजे."

आचलनं दोन जुड्या बाजूला काढल्या. सुट्ट्या मोजल्या. थांबली.

"सुट्ट्या पुरत नाई."

"मंग?"

"जुडी सोडा लागते." तिनं सरांकडे पाहिलं. "सोडू, सर?"

सरांच्या कपाळावर घाम आला.

"सोड," सर पुटपुटले.

रबर तटकन तुटलं. काड्या विखुरल्या, एक घरंगळत टेबलाखाली गेली. आचलनं वाकून ती उचलली, सात काड्या मोजून दिल्या, उरलेल्यांवरून बोट फिरवलं.

"पंचवीस!" मग फळ्याकडे बघत हळूच म्हणाली, "म्हंजे हातचा म्हंजे सोडलेली जुडी व्हय?"

मनकर्णाबाई दारातूनच बोलली, "मॅडम, उद्या बी धाडीन तिले."

साहेब गेले. सरांनी काड्या दोनदा मोजल्या, मला कपाटात ठेवलं, पण कुलूप हातातच धरून बराच वेळ उभे राहिले. मग कुलूप लागल्याचा आवाज आलाच.

आता मी अंधारात बसून घाबरते आहे, पण काड्यांसाठी नाही. उद्या चौरेचाळीस वजा एकोणीस आलं, आचल फळ्यापाशी उभी राहिली आणि सरांना किल्ली सापडली नाही तर?

मित्रांनो, तुमच्याही शाळेत असं एखादं कपाट असेल. गुरुजींना विचारा, आत काय आहे. मला जपायचंच असेल, तर माझी रबरं तुटू द्या, माझे मणी तुमच्या बोटांनी काळे होऊ द्या.